भास्कर पगारांची पट्टी

पगारांच्या मुलीचा, सरिताचा, फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत होते. "मावशी, बाबा गेले... झोपेतच. आई चहा घेऊन उठवायला गेली तेव्हा कळलं." अशा वेळी जे बोलायचं असतं ते राहिलंच. जे आतून वर आलं तेच विचारलं, "धाप लागली होती का गं?" ती म्हणाली, "नाही. वरणभात खाल्ला थोडा, उशी नीट करून मागितली आणि झोपले." मी फोन ठेवला आणि छातीतून एक मोठा श्वास बाहेर पडला. शेजारी बसलेल्या बाईंनी हसून विचारलं, "चांगली बातमी वाटतं?" त्यांना काय सांगणार? जवळचं माणूस गेल्याचं कळल्यावर माझ्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं होतं, ही गोष्ट खरी आहे. आज चार आठवडे झाले. रडून झालं, आठवून झालं, तरी ते सुटल्यासारखं वाटणं गेलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

भास्कर पगार पेटी वाजवायचे. पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्या आठ बायकांच्या गाण्याच्या गटाला त्यांची साथ असायची. आमचा गट म्हणजे काही मोठी संस्था नव्हे. कुणी शिक्षिका, कुणी बँकेत, दोघी-तिघी घर सांभाळणाऱ्या. दर शनिवारी दुपारी नलूताईंच्या गंगापूर रोडवरच्या घरी जमायचं, भावगीतं, गौळणी, भूपाळ्या बसवायच्या आणि वर्षातून चार-पाच वेळा कुणाच्या कॉलनीत, कुणाच्या मंगल कार्यालयात कार्यक्रम करायचा. त्र्याण्णव साल असेल. आमचे आधीचे पेटीवाले मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि नलूताईंच्या ओळखीतून पगार आले. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या एका शीतगृहात ते स्टोअरकीपर होते. शनिवारी अर्धा दिवस काम उरकून एसटीनं नाशिकला यायचे, ते थेट आमच्याकडे. भर मे महिन्यात अंगावर स्वेटर पाहून आम्ही हसलो होतो. "आत थंडीत असतो ना बाई दिवसभर, काढायचं ध्यानात राहत नाही," असं म्हणून त्यांनी तो काढला, नीट घडी घातली, पेटीच्या खोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "आता प्रत्येकीनं आपापला सा लावा."

सगळ्यांना गाण्यातलं कळतंच असं नाही, म्हणून थोडं सांगते. प्रत्येक गळ्याचा एक सोयीचा सूर असतो, जिथून त्याचा सा सुरू होतो. पेटीवर तो सूर ज्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर येतो, तिचं नाव त्या गळ्याला मिळतं. माझी काळी पाच होती, नलूताईंची पांढरी पाच. आमच्या गटात आठ गळे आणि चार पट्ट्या. त्यामुळे आमच्या कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये एक कंटाळवाणी पोकळी असायची. एकीचं गाणं संपायचं, मग पेटीवर नवा सूर शोधणं, तबलजीची हातोडीनं ठाकठूक, निवेदनवाल्या बाईंची उगाच लांबवलेली वाक्यं, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतले चार लोक उठून चहाला. पगारांनी पहिल्याच महिन्यात ती पोकळी बंद करून टाकली. तबलजीला सांगितलं, चार तबले चार पट्ट्यांत आधीच लावून शेजारी मांडून बस. आणि स्वतः एका गाण्याच्या शेवटाला पेटी सोडायचीच नाही. नलूताईंचं गाणं संपता संपता त्यांची बोटं एका सुरावर रेंगाळायची, तिथून दोन-चार छोट्या जागा घ्यायची, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात यायच्या आत माझी काळी पाच तयार असायची. लोक टाळ्यासुद्धा मध्ये वाजवायच्या की नाही या गोंधळात बसून राहायचे.

मी त्यांना एकदा विचारलं, हे करता कसं? त्यांनी पेटी माझ्याकडे वळवली. "दोन्ही पट्ट्यांत जो सूर चालतो तो शोधायचा. त्याच्यावर थांबायचं. मग त्याला हळूच दुसऱ्या नावानं हाक मारायची." मला कळलं नाही हे पाहून म्हणाले, "लग्नात मुलीचं नाव बदलतात की नाही? माहेरी सुमन, सासरी सुनंदा. मुलगी तीच. ती उंबरठ्यावर आहे तोवर दोन्ही नावांनी ओ देते. तेवढाच वेळ आपल्या हातात असतो." आणि मग त्यांनी मला तो नलूताईंचा सा दाबून दाखवला, त्यालाच पुढच्या पट्टीचा पंचम म्हणून दाखवला. सूर तोच होता आणि तरीही सगळी खोली एका बाजूनं दुसऱ्या बाजूला कलल्यासारखी वाटली. मी शाळेत गणित शिकवते. बाजू बदलली की चिन्ह बदलतं हे पोरांना हजार वेळा सांगितलं असेल, पण कानांना ते पहिल्यांदा त्या दिवशी कळलं.

त्यांची खरी करामत मी अनुभवली ती दिंडोरीला. तिथल्या एका सभागृहात कार्यक्रम होता, द्राक्षबागायतदारांची कुटुंबं आली होती, हॉल भरलेला. मला दोन दिवसांपासून सर्दी. सांगायची लाज वाटली म्हणून बोलले नाही. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं, पण दुसऱ्या अंतऱ्यात वरचा सा येणार होता आणि माझा गळा तिथवर पोचणार नाही हे मला स्पष्ट कळून चुकलं होतं. मी पगारांकडे पाहिलंसुद्धा नाही. कडव्यानंतरचं पेटीचं वादन नेहमी चार आवर्तनांचं असायचं, ते त्या दिवशी संपेचना. तबलजीला त्यांनी मानेनं खूण केली, त्यानं तबला सोडून फक्त डग्गा धरला. पगार माझ्या निषादावर थांबले होते. निषाद हा मोठा उतावळा सूर, एक पायरी चढून सा वर जायची त्याला घाई असते. पण पगारांनी त्याला जाऊच दिलं नाही. तिथेच बसवलं, समजावलं, त्याच्याभोवती दोनदा फिरले, आणि एका क्षणी तो निषादच सा झाला. तबलजीनं दुसरा तबला पुढे ओढला. मी अंतरा उचलला आणि वरचा सा आपल्या पायांनी चालत आला. समोरच्या बायका डोकं हलवत होत्या. कुणाला काही म्हणता काही कळलं नाही.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "पगारभाऊ, तुम्ही मला आज खाली उतरवलं." ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मी कशाला उतरवू? मी फक्त जिना लावला. उतरलात तुम्ही." थोड्या वेळानं म्हणाले, "पण सर्दी होती तर सांगायचं बाई. मला आधी ठाऊक असतं तर पहिल्यापासूनच पांढरी सहा धरली असती. असं ऐनवेळी करायची मलाही भीती वाटते." त्यांनाही भीती वाटते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. बोटांवरून कधी वाटलं नव्हतं.

आणि अशा माणसाला मी एके दिवशी जे बोलले, ते इथे लिहायलाच हवं. नव्याण्णवची गोष्ट. गटात एक तरुण कीबोर्डवाला यायला लागला होता. त्याच्या वाद्यावर एक बटण होतं. ते दाबलं की हात न हलवता पट्टी बदलायची. आम्ही सगळ्या त्या बटणावर खूश होतो. पाच गाण्यांची एक मालिका बसवायची ठरली. पगारांचं म्हणणं होतं, प्रत्येक दोन गाण्यांमध्ये दोन ओळींची जागा ठेवा, मी जोडून देतो. कीबोर्डवाला म्हणाला, जागा कशाला, मी बटण दाबतो, लगेच पुढचं सुरू. पगार पुन्हा समजावायला लागले, "लगेच सुरू झालं की कान दचकतो..." मला घरी जायची घाई होती, शाळेत तपासणी होती, डोकं तापलेलं होतं. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पगारभाऊ, गाणं संपलं की संपू द्या ना. हा काय लग्नाचा बँड आहे, एकाला दुसरं चिकटवत न्यायला?"

दोघी हसल्या. कीबोर्डवालाही हसला. पगारांनी पेटीचा भाता बंद केला, कडी लावली, स्वेटर खांद्यावर टाकला. "बरं बाई," म्हणाले आणि निघाले. पुढच्या शनिवारी आले नाहीत. नलूताईंनी फोन केला तर म्हणाले, कामाच्या वेळा बदलल्यात, जमणार नाही. मला मनातून माहीत होतं की वेळाबिळा काही बदललेल्या नाहीत. पण मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ... आणि मुख्य म्हणजे कार्यक्रम छान झाला! बटण बरोबर दाबलं गेलं, टाळ्या पडल्या. मग वाटलं, माझंच बरोबर होतं. माणूस चुकला तरी त्याला लगेच शिक्षा होते असं नसतं, हेच तर वाईट असतं.

दोन वर्षांनी माझ्या गळ्यात गाठ निघाली, थायरॉईडची. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, घरच्यांनी देवाला पेढे ठेवले. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती की आवाजावर परिणाम होऊ शकतो, काही महिने लागतील. महिने गेले. बोलणं परतलं, जरा घोगरं झालेलं, पण परतलं. गाणं परतलं नाही. काळी पाचचा सा लावायला गेलं की मध्यमाच्या पुढे आवाज फाटायचा, कापड टरकावं तसा. गटातल्या मैत्रिणी भल्या होत्या, म्हणायच्या, तू निवेदन कर. मी दोन कार्यक्रमांत निवेदन केलं आणि तिसऱ्या वेळी जायचंच सोडलं. शाळेत प्रार्थनेला मी ओठ हलवून उभी राहायची. वर्गातल्या मुली चोरून माझ्याकडे बघायच्या, कारण पूर्वी मीच त्यांना चढा आवाज लावा म्हणून दटावायची. घरी कुणापाशी बोलले नाही. गाठ साधी निघाली होती, जीव वाचला होता, आणि गाण्यासाठी रडायला मी काही मोठी गायिका नव्हते.

त्याच सुमारास आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मुलीचं लग्न सटाण्याला होतं. दुपारची वेळ, वरात चौकातून कार्यालयाकडे येत होती. मी रस्त्याच्या कडेला सावलीत उभी होते. बँडवाले लाल कोटात घामाघूम, पोरं नाचत होती. एक गाणं संपत आलं आणि मी मनात म्हटलं, आता हे थांबणार. पण थांबलं नाही. क्लॅरिनेटवाल्यानं एक सूर लांबवून धरला. ढोल खाली गेला, नुसता घुमत राहिला. तो सूर वर जायला बघत होता आणि क्लॅरिनेट त्याला जाऊ देत नव्हतं... आणि मग तोच सूर घर झाला, त्यावर नवं गाणं उभं राहिलं, अर्ध्या सुरानं खाली, आणि नाचणाऱ्यांचा एक पाय चुकला नाही. हे मी दिंडोरीत ऐकलं होतं. ही जागा मी ओळखत होते.

वरात पोचल्यावर बँडवाले मांडवामागे पाणी पीत बसले होते. त्यांचे म्हातारे मास्तर होते, सगळे आप्पा म्हणत होते. मी जाऊन विचारलं, "ही गाणं जोडायची पद्धत तुमची का?" आप्पा हसले. "नही बाई. हाई त आमना भास्करनी बसाडेल शे." भास्करनं बसवलेलं आहे! मग म्हणाले, त्यांच्याकडे एक पोरगा होता, पंधराव्या वर्षापासून क्लॅरिनेट वाजवायचा, दहा-बारा वर्षं वाजवलं. "नाचणारे थांबले की वरात मोडते बाई. पट्टी तर बदलावी लागते, आमचे गाणारे वेगळे, वाद्यं वेगळी. आधी आम्ही थांबायचो, शिव्या खायचो. त्यानं ही युक्ती काढली. आता नाशिकले ऱ्हास, तिथंच राहतो. मोठ्या लोकांत पेटी वाजवतो म्हणे." आडनाव विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. त्यांनी सांगितलं. मी तिथेच एका खुर्चीवर बसले. जेवणाची हाक झाली तरी उठवेना.

पुढच्याच रविवारी सकाळी मी पंचवटीत त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दाराशी तुळस. दार त्यांनीच उघडलं. "या बाई," म्हणाले, जणू मी मागच्या शनिवारीच भेटले होते. मंगलवहिनी पाणी घेऊन आल्या आणि आत गेल्या. मी रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते. "पगारभाऊ, मी तुमची..." एवढंच म्हणाले आणि आवाज फाटला. ते एकदम पुढे झुकले. "गळाले काय व्हयनं?" रागात किंवा काळजीत असले की त्यांची अहिराणी बाहेर यायची. मी ऑपरेशनचं सांगितलं. माफीचं राहूनच गेलं. त्यांनी कोपऱ्यातली पेटी ओढली, कडी काढली. "सा लावा." मी म्हटलं, काळी पाच आता येत नाही. "पट्टीचं नाव घेऊ नका. डोळे मिटा आणि जिथं बसवेल तिथं बसा." मी डोळे मिटले आणि जिथे जमलं तिथे आवाज सोडला. घोगरा, जाड, माझा न वाटणारा. ते बोटानं चाचपडत आले आणि माझ्या सुराखाली त्यांचा सूर येऊन लागला. "पांढरी पाच," ते म्हणाले, "कुठं गेलंय गाणं? घर बदललंय फक्त." मी रडायला लागले ते थांबेनाच. आतून वहिनी डोकावल्या आणि परत गेल्या.

मग मी सांगितलं. सटाणा, आप्पा, ती वरात. आणि म्हटलं, "मला माहीत नव्हतं हो. मी नुसतं तोंडाला येईल ते बोलले." पगार भात्यावरची धूळ पुसत राहिले. "तुम्ही खोटं काय बोललात? मी बँडवालाच शे," ते म्हणाले. "सहा वर्षं तुमच्यात बसलो. कुठं शिकलात असं कुणी विचारलं की सांगायचो, सटाण्याला एक गुरुजी होते. गुरुजी कसले... आप्पा! त्या दिवशी तुम्ही म्हणालात आणि मला वाटलं, कळलं यांना. सगळ्यांना कळलं. घरी आल्यावर डोकं थंड झालं, तेव्हा समजलं की तुम्हाला काहीच माहीत नसणार. पण परत यायला तोंड नव्हतं. आप्पाला नाकारलं होतं ना मी. चिडलो माझ्यावर आणि राग काढला तुमच्यावर." तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तीन वर्षं हे बाईंनी येऊन बोलावं म्हणून थांबलेत, आणि बाई ह्यांनी यावं म्हणून. चहा गार होतोय." आम्ही दोघंही हसलो. तो चहा मला अजून आठवतो. आलं जरा जास्तच झालं होतं.

त्यानंतर रविवार त्यांच्या घरचे झाले. आधी मी एकटी, मग हळूहळू नलूताई, मग गटातल्या बाकीच्या. शनिवार कधी बंद झाला आणि रविवार कधी सुरू झाला कुणी ठरवलं नाही. कीबोर्डवाल्याला मुंबईला नोकरी लागली. मी पांढऱ्या पाचात गायला शिकले. जुनी गाणी नव्या पट्टीत म्हणताना सुरुवातीला आपलीच साडी दुसरीनं नेसल्यासारखं वाटायचं. पगार म्हणायचे, घाई नाही. वर्ष-सव्वा वर्ष गेलं असेल. एका रविवारी एक गौळण म्हणून झाली. मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून गात होते. संपल्यावर ते म्हणाले, "बाई, बोट बघा." त्यांचं बोट काळी चारवर होतं. अर्धा सूर वर! "चौथा रविवार आहे आज," ते म्हणाले, "दुसऱ्या कडव्यानंतर चढवतो तुम्हाला. सांगितलं असतं तर घाबरला असता." काळी पाच पुन्हा कधी आली नाही, येणारही नाही. पण तो अर्धा सूर मला मिळाला तेव्हा मी घरी जाताना गोदावरीच्या पुलावर स्कूटर बाजूला घेतली आणि एकटीच हसत उभी राहिले.

त्या वर्षी आमच्या कॉलनीच्या बागेत दिवाळी पहाट करायची ठरली. मी त्यांना विचारलं, "निवेदनात तुमच्याबद्दल काय सांगू?" दोन रविवार त्यांनी मला नुसतं गायला लावलं. मग एका रविवारी कपाटावरून एक काळी लांबट पेटी काढली. आत क्लॅरिनेट होतं, तुकड्यातुकड्यांत, पिवळ्या फडक्यात. "आहे ते सांगा," म्हणाले. त्या सकाळी मी माइकवर सांगितलं की आमच्या साथीला सटाण्याच्या बँडमधले क्लॅरिनेटवादक भास्कर पगार आहेत. टाळ्या पडल्या, नेहमीसारख्याच. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पगारांच्या चेहऱ्यावर मात्र असं काहीतरी उमटलं की मला माइकपासून बाजूला व्हावं लागलं. पहिल्या रांगेत आप्पा बसले होते. आदल्या दिवशीच येऊन पगारांकडे उतरले होते, डोक्यावर नवी टोपी. कॉलनीतल्या एका गृहस्थांनी गायलेल्या, पुरुषांच्या पट्टीतल्या भूपाळीवरून माझ्या गाण्यावर येताना पगारांनी क्लॅरिनेट उचललं. तो एक सूर त्यांनी इतका वेळ धरला की बागेतली पाखरंसुद्धा ऐकत असावीत. कार्यक्रम संपल्यावर ते आप्पांच्या पाया पडले. आप्पांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तिसरा गाणाले तू घाई करी, भास्कर." एवढंच. पगार लहान मुलासारखे खूश झाले.

दोन वर्षांपूर्वी त्यांना धाप लागायला लागली. फुप्फुसं आकसत चालली होती. क्लॅरिनेट सुटलं, मग जिने सुटले, मग बाहेर जाणं. शेवटचं वर्ष खिडकीजवळच्या कॉटवर, नाकाशी नळी. श्वासासाठी त्यांची चाललेली ओढाताण आम्हाला बघवायची नाही. तरी रविवार चुकवू द्यायचे नाहीत. आम्ही हळू आवाजात गायचो, ते बोटानं कॉटच्या लाकडावर ठेका धरायचे. जायच्या आधीच्या रविवारी मी गात असताना त्यांनी हात वर केला. मी वाकले. "बाई... तिसऱ्या ओळीत... श्वास मध्येच घेता." ज्याला स्वतःचा श्वास पुरत नव्हता तो माझा श्वास दुरुस्त करत होता. निघताना मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "भाऊ, मनात काही राहिलं नाही ना?" त्यांनी मान हलवली. "तुमचं... त्या रविवारीच झालं. माझं... आप्पा आले तेव्हा." आणि हसले. सरिताचा फोन आल्यावर मी जो श्वास सोडला त्यात हे होतं. त्यांची धाप संपली होती, आणि आमच्यात काहीही शिल्लक नव्हतं. मी पंचवटीला न जाता तशीच राहिले असते तर? हा विचार आला की मी अजून देवाचे, सटाण्याच्या त्या लग्नाचे आणि माझ्या गळ्यातल्या गाठीचेही आभार मानते.

दिवस झाल्यावर मंगलवहिनींचा निरोप आला, "रविवार मोडू नका." गेलो. कॉट उभी करून भिंतीला लावलेली, खिडकी उघडी, सतरंजी अंथरलेली, पेटी मध्ये ठेवलेली. पेटी कुणालाच येत नव्हती, म्हणून नुसतंच गायला लागलो. आधाराचा सूर नसला की बायकांचे गळे हळूहळू वर सरकतात. दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही कुठल्या कुठे पोचलो होतो आणि सगळ्याजणी एकमेकींकडे बघत कशाबशा ओढत होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी पदराला हात पुसत आल्या. पंधरा वर्षांत त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. त्या पेटीशी बसल्या, डाव्या हातानं भाता धरला आणि उजव्या हाताच्या एकाच बोटानं एक सूर दाबला. आमच्या वर गेलेल्या सा चा तो मध्यम होता. त्या तिथेच थांबल्या, भाता संथ हलवत, घाई न करता. मग मान हलवून आम्हाला खूण केली. आम्ही त्या सुराला सा म्हटलं, तो खालच्या सप्तकात घेतला, आणि बसलो की नीट!

"तुम्हाला हे कधीपासून येतं?" नलूताईंनी गाणं संपल्यावर विचारलं. "मला कुठं येतं?" वहिनी म्हणाल्या. "दम लागायला लागल्यावर त्यांना भाता हलवता यायचा नाही. दुपारी मी भाता मारायची, ते बोटं फिरवायचे. मग बोटंही दुखायला लागली, तर म्हणायचे, तू दाब, मी सांगतो. एवढं एकच शिकवलं. म्हणाले, बाया वर जातील, तेव्हा त्यांना आणून सोड." त्यांनी पेटी बंद केली नाही. "पुढचं कोण म्हणणार?" असं विचारून त्या भात्यावर हात ठेवून बसून राहिल्या. त्या दिवशी चहाला फार उशीर झाला.